प्रथिनांचे स्फटिक आणि सोलापूरचा मे महिना: कोणी मदत करेल का?

दोन मायक्रोलिटर | सोमवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प म्हणून लायसोझाइमचे स्फटिक वाढवायला घेतलेत. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं हे प्रथिन. सगळी पुस्तकं म्हणतात, नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, रात्रभरात स्फटिक येतात. मला एकवीस दिवस झाले.

पद्धत लोंबत्या थेंबाची. चोवीस खळ्यांची प्लेट, प्रत्येक खळ्यात ५०० मायक्रोलिटर मिठाचं द्रावण (सोडियम अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.६, मीठ ४ ते १० टक्के). काचेच्या कव्हरस्लिपवर २ मायक्रोलिटर प्रथिन (मिलिलिटरला २० मिलिग्रॅम) आणि २ मायक्रोलिटर खालचंच द्रावण. मग काच उलटी करून खळ्यावर बसवायची. थेंबातलं पाणी वाफेने हळूहळू खाली जातं, थेंब दाट होतो आणि स्फटिक येतात. म्हणजे यायला हवेत.

माझ्याकडे आलेलं असं: कमी मिठाचे थेंब काचेसारखे स्वच्छ. दहा टक्केवाले ताकासारखे पांढरे. आणि मधल्या चार थेंबांत सुंदर चौकोनी ठोकळे! ते बघून मी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. सरांनी सुईने एक ठोकळा दाबला, टक्कन आवाज आला, आणि ते म्हणाले, "अगं, हे मीठ आहे."

पेढे परत मागता येत नाहीत. आता काय करू? प्रयोगशाळेत दिवसा एसी चालतो, संध्याकाळी सहाला शिपाईकाका मेन स्विच पाडून जातात. बाहेर ४३ अंश.

---

कडक भाकरी | सोमवार, रात्री ११:०२

अंड्याचं पांढरं असेल तर आम्लेट करा की ओ ताई. रात्रभर थांबायला नको, चार मिनिटांत काम होतंय. शेंगाचटणी माझ्याकडून.

---

धोटा | सोमवार, रात्री ११:१५

पेढे कोणत्या दुकानातले होते ते सांगा, मग सल्ला देतो.

---

बेंचवरून | सोमवार, रात्री ११:५६

दहा वर्षं हेच केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मिठाचं. थेंब जवळजवळ वाळल्याशिवाय मिठाचे ठोकळे येत नाहीत. म्हणजे तुमची काच खळ्यावर नीट चिकटलेली नाही, फट राहिली आहे. ग्रीस कोणतं वापरलंत?

मीठ की प्रथिन हे पुढच्या वेळी पेढ्यांआधी कसं ओळखायचं? सरांनी केली ती सुईची परीक्षा उत्तम, पण त्यात स्फटिक जातो. मिठाचा स्फटिक कडक असतो, दाबला की टक्कन तुटतो. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं. फ्रीजमधल्या तुपाचा कण सुईने दाबून बघा, तसा तो भुसभुशीत विखुरतो, आवाज करत नाही. मिथिलीन ब्लूचा अगदी थोडा अंश थेंबात सोडला तरी चालतं. प्रथिनाच्या स्फटिकातल्या पाण्याच्या वाटांमधून रंग आत जातो आणि अख्खा स्फटिक निळा होतो. मीठ कोरडं ते कोरडंच राहतं.

आणि तापमान. लायसोझाइमची विद्राव्यता गरमीत वाढते. २० अंशांना जे बाहेर पडेल ते ३८ अंशांना आरामात विरघळून राहतं. तुमचे स्वच्छ थेंब तेच सांगतायत. त्यात दिवसा एसी नि रात्री भट्टी. दिवसा चुकून स्फटिकाचं एखादं बीज धरलं तरी रात्री विरघळत असणार.

---

धोटा | मंगळवार, सकाळी ७:२०

म्हणजे दिवसा विणायचं नि रात्री उसवायचं. आमच्या पूर्व भागात असा माग चालवला तर मालक दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल.

---

दोन मायक्रोलिटर | मंगळवार, सकाळी ९:१०

@बेंचवरून ताई, खूप आभार. ग्रीसचं सांगायला लाज वाटते. सिलिकॉनचं ग्रीस संपलं होतं, मागणी मार्चपासून मंजुरीत आहे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हॅसलिन आणलं.

---

बेंचवरून | मंगळवार, सकाळी ९:२५

सापडलं! व्हॅसलिन ४० अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतं. तुमची प्लेट रात्री अक्षरशः गळत होती. पुण्या-बंगळुरात चालून जातं, सोलापुरात मे महिन्यात नाही.

---

कोडवाला | मंगळवार, दुपारी १:४०

मूळचा सोलापूरचा, सध्या हिंजवडी. जरा उलटा प्रश्न विचारतो, राग नसावा. आता हे सगळं कशासाठी? अल्फाफोल्ड हा प्रथिनाचा आकार ओळखणारा एआय प्रोग्राम २०२१ पासून सगळ्यांना खुला आहे. अमिनो आम्लांचा क्रम टाका, आकार हजर. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यालाच मिळालं. लायसोझाइमची रचना तर १९६५ लाच निघाली आहे. थेंब लोंबकळवत एकवीस दिवस घालवण्यापेक्षा मुलीने पायथन शिकावं, असं माझं प्रामाणिक मत.

---

अतिअवांतर | मंगळवार, दुपारी १:४४

आला. प्रत्येक धाग्यात एक पायथन निघतो. गड्ड्याच्या जत्रेतसुद्धा इतके साप बघितले नाहीत.

---

बेंचवरून | मंगळवार, दुपारी २:३०

@कोडवाला, राग नाही, पण मत पटलं नाही. अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहावर. ती १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात जेमतेम सात रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत, आणि त्यातल्या बहुतांश कोणीतरी असाच थेंब लोंबकळवून, स्फटिक वाढवून, त्यावर एक्स-रे टाकून काढल्या आहेत. त्या लोकांनी पायथन शिकून घरी बसायचं ठरवलं असतं तर तुमच्या अल्फाफोल्डला अभ्यासाला पुस्तकच मिळालं नसतं.

संगणकाचा अंदाज बहुतेक वेळा उत्तम असतो हे मान्य. मीही रोज वापरते. पण तो बरोबर आहे की नाही हे ताडायचं कशाशी?

---

कोडवाला | मंगळवार, दुपारी २:५२

ताडायला म्हणाल तर क्रायो-ईएम आहे की, रेणू गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तिथे स्फटिक लागतच नाहीत. २०१७ चं नोबेल. वाद घालत नाही, फक्त विचारतो.

---

बेंचवरून | मंगळवार, दुपारी ३:०५

आहे, आणि मोठ्या रेणूंसाठी तेच बरं. पण लायसोझाइम १२९ अमिनो आम्लांचं चिल्लर प्रथिन, वजन जेमतेम १४ किलोडाल्टन. इतकं छोटं त्या सूक्ष्मदर्शकाला धड दिसत नाही. छोट्यांसाठी अजून मुख्यतः स्फटिकच. आणि त्या यंत्राच्या किमतीत तुमच्या सोसायटीची आख्खी विंग येईल.

---

निरागस शंका | मंगळवार, दुपारी ४:१८

मी वाणिज्य शाखेचा. एक मूलभूत शंका: एक्स-रे मारायला स्फटिकच कशाला? थेंबावर मारा की.

---

बेंचवरून | मंगळवार, दुपारी ४:४०

छान प्रश्न. एका रेणूकडून परत येणारे एक्स-रे इतके क्षीण असतात की मोजता येत नाहीत. स्फटिकात कोट्यवधी रेणू एकाच दिशेला तोंड करून रांगेत उभे असतात, म्हणून सगळ्यांचा आवाज एकत्र ऐकू येतो. थेंबात नुसता मंगळवार बाजार.

---

जुना ग्रंथपाल | मंगळवार, सायंकाळी ६:०५

ताईंना धीर म्हणून दोन जुन्या गोष्टी.

जेम्स समनर. एन्झाइमचा पहिला स्फटिक त्यांचा, युरिएजचा, १९२६ मध्ये. आपल्या अबईच्या जातीतल्याच एका शेंगेच्या बियांपासून काढला. सतराव्या वर्षी शिकारीत गोळी लागून त्यांचा डावा हात गेला होता, आणि गडी मुळात डावखुरा. नऊ वर्षं लागली. सुरुवातीला प्रयोगशाळेत बर्फाची पेटीसुद्धा नव्हती. अर्काच्या नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि आज रात्री थंडी पडू दे म्हणून प्रार्थना करायची. हे त्यांनी स्वतःच नोबेलच्या व्याख्यानात सांगितलंय. नोबेल मिळालं १९४६ ला. सुरुवातीची बरीच वर्षं कित्येकांना पटतच नव्हतं की एन्झाइम हे प्रथिन असतं.

दुसरी गोष्ट १९३४ ची. स्वीडनमध्ये उप्साला इथे फिलपॉट नावाचा संशोधक पेप्सिनचं द्रावण फ्रीजमध्ये ठेवून बर्फावर घसरायला, म्हणजे स्कीइंगला, निघून गेला. परत येऊन बघतो तर दोन मिलिमीटरचे स्फटिक! ते एका पाहुण्याने कोटाच्या खिशात घालून केंब्रिजला बर्नालकडे, म्हणजे एक्स-रेने स्फटिक तपासणाऱ्या शास्त्रज्ञाकडे, पोहोचवले. बर्नालच्या लक्षात आलं की स्फटिक हवेत वाळला की एक्स-रेमध्ये काहीच उमटत नाही. त्याने तो त्याच्याच ओलाव्यात, काचेच्या बारीक नळीत ठेवला आणि प्रथिनाच्या स्फटिकाचं पहिलं धड चित्र मिळालं. सोबत सहकारी डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढच्या डोरोथी हॉजकिन. त्यांनी इन्शुलिनवर १९३० च्या दशकात काम सुरू केलं, रचना निघाली १९६९ ला. त्या चमूत आपले एम. विजयन होते. नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) त्यांनी एक पिढी घडवली.

तेव्हा एकवीस दिवस म्हणजे काहीच नाही.

---

कडक भाकरी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

सारांश: ताईंनी सुट्टीवर जावं. उजनीला फ्लेमिंगो बघायला जा. बाकी थंडी पडू दे म्हणून सोलापुरात प्रार्थना केली तर सिद्धेश्वर महाराजसुद्धा हसतील, म्हणतील मे महिन्यात हे माझ्या हातात नाही.

---

पॅनमन | मंगळवार, रात्री ९:४५

नमस्कार. मी साखर कारखान्यात बत्तीस वर्षं पॅनवर होतो, आता निवृत्त. प्रथिन वगैरे मला कळत नाही, पण बाळ, तुझी पोस्ट वाचून हात शिवशिवले.

आमच्याकडे रस आटवून सिरप करतात, ते व्हॅक्युम पॅनमध्ये घेतात. आत हवा ओढलेली असते म्हणून ते साठ-सत्तर अंशांतच उकळतं, साखर करपत नाही. आता ते दाट होत जातं. एका टप्प्यापर्यंत कितीही वाट बघा, दाणा येत नाही. त्याच्या पुढे एक पट्टा असतो, अरुंद. त्या पट्ट्यात आपणहून दाणा जन्मत नाही, पण असलेला दाणा वाढतो. त्याच्या पुढे गेलात की संपलं. एकदम लाखो बारीक दाणे पडतात, सगळा पॅन ढगाळ. याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणायचो. तुझं दहा टक्क्यांचं ताक म्हणजे तेच. आणि तुझे स्वच्छ थेंब म्हणजे अजून पट्ट्यातच न आलेला पॅन.

मी लागलो तेव्हाचे जुने पॅनमन हे बोटांवर ओळखायचे. प्रूफ स्टिकने पॅनमधून नमुना काढायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून ताणायचा. तार किती लांब जाते, कुठे तुटते ते बघायचं. तुमच्या आईचा एकतारी पाक, तेच शास्त्र. मग काचेच्या पट्टीवर नमुना पसरून दिव्यासमोर धरायचा. दाणा आला की काचेवर आधी वाळू सांडल्यासारखं चमकतं. ते चमकणं मला अजून स्वप्नात दिसतं.

आणि मुख्य गोष्ट. आम्ही दाणा आपणहून यायची वाट बघतच नव्हतो. साखर स्पिरिटमध्ये अगदी पीठ होईस्तोवर दळायची, ती स्लरी बरोब्बर त्या पट्ट्यात असताना पॅनला द्यायची. जितके दाणे दिले तितकेच वाढवायचे. चुकून बारीक पडलेच तर पाणी मारून ते विरघळवायचे. मोठे राहतात, बारीक जातात.

तुमच्यात बीज देत नाहीत का?

---

बेंचवरून | मंगळवार, रात्री १०:१०

काका, नमस्कार स्वीकारा. मी विद्यार्थ्यांना हा आलेख फळ्यावर काढून तासभर शिकवते, तुम्ही तीन परिच्छेदांत संपवलंत. तुमच्या त्या अरुंद पट्ट्याला आम्ही मेटास्टेबल पट्टा म्हणतो.

आणि हो, बीज देतो. जुना, वेडावाकडा स्फटिक त्याच्याच द्रावणात चिरडायचा, त्यात एक केस बुडवायचा आणि तो केस नव्या थेंबातून ओढायचा. केसाच्या वाटेवर स्फटिकांची रांग उठते. यासाठी सगळ्यात चांगला केस म्हणजे मांजराची मिशी. थट्टा करत नाही. ती टोकाकडे निमुळती आणि ताठ असते. घोड्याच्या शेपटीचा केसही चालतो.

---

अतिअवांतर | मंगळवार, रात्री १०:१४

आमच्या बोक्याने हा प्रतिसाद वाचला. माळ्यावर जाऊन बसलाय.

---

निरागस शंका | मंगळवार, रात्री १०:२०

मिशी उपटायची की गळालेली घ्यायची?

---

बेंचवरून | मंगळवार, रात्री १०:२२

गळालेली! गादीवर, सोफ्यात सापडते. मांजरं मिशा गाळतात.

---

धोटा | बुधवार, सकाळी ७:०५

एक गंभीर मुद्दा. कॉलेज कुठल्या भागात? आमच्या घरामागे सोळा माग आहेत, ते सुरू झाले की फडताळातली भांडी आपणहून सरकतात. थेंबाला हे चालतं?

---

दोन मायक्रोलिटर | बुधवार, सकाळी ९:३०

विचारलंत ते बरं केलं. प्रयोगशाळेच्या भिंतीला लागूनच टॉवेलचा कारखाना आहे. खडखड दिवसभर. मला सवय झाल्यामुळे लिहायचं सुचलंच नाही.

---

बेंचवरून | बुधवार, सकाळी १०:००

हादऱ्यांनी जास्त बीजं पडतात, म्हणजे थोडे मोठे येण्याऐवजी भरपूर बारीक येतात. प्लेटखाली काहीतरी मऊ, जाड घाला.

---

स्लाइड नंबर ४० | बुधवार, सकाळी ११:२०

हादऱ्यांचा बाऊ होतो असं माझं मत. आमची प्लेट सेंट्रिफ्यूजशेजारच्या (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) टेबलावर असायची आणि लायसोझाइम बिनतक्रार यायचं. तापमान आणि ग्रीस सांभाळा, बाकी गौण.

अजून एक युक्ती. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची काळसर फिल्म काढा, ती ध्रुवक (पोलरायझर) असते. दोन तुकडे एकमेकांना आडवे धरून मध्ये स्फटिक ठेवायचा. मीठ काळंच राहील, लायसोझाइम रंगीत चमकेल. पण काच प्लेटवरून उचलून बघा. प्लास्टिकच्या प्लेटचा तळ स्वतःच इंद्रधनुष्य दाखवतो. मी एकदा त्या इंद्रधनुष्याचे फोटो काढून गाईडला पाठवले होते. पेढ्यांपर्यंत मात्र गेलो नव्हतो.

---

कडक भाकरी | बुधवार, सकाळी ११:४१

प्लेटखाली मऊ, जाड... सोलापुरात... काहीतरी... सुचत नाही बुवा, काय घालावं?

---

धोटा | बुधवार, सकाळी ११:४३

डबल बेडची देतो. शास्त्रासाठी होलसेल भावात.

---

पॅनमन | बुधवार, दुपारी १२:३०

थट्टा सोडा, चादर कामाची आहे. थंडावा मात्र चादरीने येत नाही, आहे तेवढाच टिकतो. बाळ, गावात कोणाचं माळवदाचं घर आहे का? जाड भिंती, वर मातीचं छप्पर. आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीत मे महिन्यात दुपारी बाराला आणि रात्री बाराला सारखंच वाटायचं. आजी दह्याचं विरजण तिथेच ठेवायची.

---

दोन मायक्रोलिटर | बुधवार, दुपारी १:०२

काका!! माझ्या आजीचं घर माळवदाचंच आहे. कॉलेजपासून सायकलवर दहा मिनिटं. आज संध्याकाळीच थर्मामीटर ठेवते.

---

बेंचवरून | बुधवार, दुपारी १:१५

ठेवाच. आणि या वेळी प्रथिन २० ऐवजी ४० मिलिग्रॅम घ्या, मीठ ५ ते ७ टक्क्यांत अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत जा. ग्रीस मी कुरियरने पाठवते, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पत्ता द्या. एक आधीच सांगून ठेवते: तिथे २५ च्या वर तापमान असेल तर पुस्तकातल्या फोटोतले बुटके, टोकदार स्फटिक कदाचित येणार नाहीत. ते टेट्रागोनल, थंडीतले. २५ च्या वर लायसोझाइम दुसऱ्या रचनेत बसू लागतं, ऑर्थोऱ्होम्बिक. ते लांबट दिसतात. आले तर चुकलं समजू नका.

---

कोडवाला | बुधवार, दुपारी ३:४४

मी पायथनवाला, पण वाचतोय. अपडेट टाकत जा. (वाखूण साठवली आहे, कोणाला सांगू नका.)

---

जुना ग्रंथपाल | शुक्रवार, रात्री ८:१२

काही खबर?

---

दोन मायक्रोलिटर | शुक्रवार, रात्री ९:००

ग्रीस आज पोहोचलं. आजीच्या मधल्या खोलीत दोन दिवसांची नोंद: सगळ्यात कमी २७.५, सगळ्यात जास्त २९. प्लेट आताच लावली. थर्माकोलच्या खोक्यात पाण्याच्या चार बाटल्या, मध्ये प्लेट, खाली-वर चादर. आजीने खोक्याला हळदकुंकू वाहिलंय, मी अडवलं नाही. आणि तिने बजावलंय, विरजण सारखं उघडून बघायचं नसतं. सोमवारपर्यंत हात लावू देणार नाही.

---

अतिअवांतर | शनिवार, सकाळी ८:३०

बोक्याची एक मिशी गादीवर मिळाली. लागली तर सांगा, पाकिटात घालून ठेवली आहे.

---

दोन मायक्रोलिटर | सोमवार, सायंकाळी ७:३५

प्लेट सायकलवर न्यायला धजावले नाही, सरांना विनंती करून विभागातला छोटा सूक्ष्मदर्शक घरी आणला. आजीच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात बसले.

पहिली रांग: ५ टक्के, स्वच्छ. साडेपाच, स्वच्छ. ६ टक्क्यांचा तिसरा थेंब आधी रिकामाच वाटला. मग फोकस जरा खाली आणला आणि थेंबाच्या कडेला, पाण्यात काच बुडाल्यासारखी, एक सरळ रेघ दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी. लांबट कांड्या, कडा अशा सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. एकूण सात. सगळ्यात मोठी मोजपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ. साडेसहाला वीसेक बारीक, ७ टक्क्यांना पुन्हा ताक. काका, तुमचा पट्टा हाच, अर्ध्या टक्क्याचा.

साडेसहातली एक कांडी सुईने दाबली. आवाज नाही. तुपासारखी विखुरली. कॅल्क्युलेटरच्या फिल्ममधून उरलेल्या निळ्या-पिवळ्या चमकल्या. आजीला दाखवलं. ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "खडीसाखर."

पेढे अजून आणले नाहीत.

---

पॅनमन | सोमवार, सायंकाळी ७:५०

सात दाणे. बत्तीस वर्षांत इतका स्वच्छ पॅन माझा एकदाही लागला नाही. शाब्बास.

---

बेंचवरून | सोमवार, रात्री ८:१५

अभिनंदन!! लांबट आहेत म्हणजे ऑर्थोऱ्होम्बिक असण्याची शक्यता दाट, पण खात्री एक्स-रेच करेल. साडेसहातल्या बारीक स्फटिकांचं बीज करून ६ टक्क्यांत ओढा, अजून मोठे मिळतील. बोक्याची मिशी मागवून घ्या.

---

कडक भाकरी | सोमवार, रात्री ८:२२

लईच भारी की ओ! आता आम्लेटचा आग्रह मागे घेतो.

---

दोन मायक्रोलिटर | सोमवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे खूप खूप आभार. नवा प्रश्न: सरांनी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत एक्स-रेसाठी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे. इथून तिथवर प्लेट न्यायची कशी? एसटी की हुतात्मा एक्सप्रेस?

---

धोटा | सोमवार, रात्री ९:४४

एसटी नको, टेंभुर्णीच्या आतच तुमच्या सातच्या सत्तर होतील.

---

स्लाइड नंबर ४० | सोमवार, रात्री ९:५८

हुतात्मा. खोकं मांडीवर, आडवं होऊ द्यायचं नाही, थेंब काचेवरून घसरतात. बाटल्या तशाच राहू द्या. खिडकीची जागा घेऊ नका, ऊन येतं.

---

कोडवाला | सोमवार, रात्री १०:१०

पुणे स्टेशनला मी गाडी घेऊन येतो. एसी २८ वर ठेवतो. खड्डे चुकवायची हमी मात्र देऊ शकत नाही.